नदीचा हिस्सा

गेल्या वैशाखात धाकट्या भावाचा पोरगा सकाळी सकाळी दारात आला. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला आणि मग हळूच म्हणाला, "आण्णा, निळी रेघ सरकवता येती म्हणं."

"कुणी सांगितलं रं?"

"हाय एक जण. आधी मळीत सा फूट भराव टाकायचा, मग मापं घ्यायची. जमीन उंच दिसली की रेघ खाली जाती. गिऱ्हाईक तयार हाय. फकस्त तुमची सही पायजे."

सही लागते, कारण मळीचा सातबारा सामाईक आहे. नदीकाठची दोन एकर, त्यातली एक माझ्याकडं, एक त्याच्या बापाकडं. भाऊ वारला, त्याचं नाव कमी होऊन पोराचं लागलं. वाटणी बांधावर झाली, कागदावर कधी झाली नाही. म्हणून त्याला विकायची झाली तरी माझा अंगठा पाहिजे आणि मला विकायची झाली तरी त्याचा.

मी त्याला 'बघू' म्हणालो. त्या 'बघू'नं माझी पुढची कैक दिवस झोप घालवली. ते का, हे सांगायला थोडं मागं जावं लागेल.

आमचं गाव पंचगंगेच्या काठाला, कोल्हापूरपासून सायकलीच्या अंतरावर. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती अशा पाच मिळून ही नदी होते. प्रयाग चिखलीला संगम आहे. तिथून पुढं ती शहराला वळसा घालून नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. हा सगळा मुलूख ताटासारखा सपाट. घाटात कोसळलेला पाऊस धावत खाली येतो आणि आमच्याकडं आला की पाय ओढत चालतो. पुढं कृष्णाही फुगलेली असली की ही जागेवर थांबते आणि आडवी पसरते. जिथवर ती पसरते त्या जमिनीला आम्ही मळी म्हणतो. पूर ओसरला की मळीत पोयट्याचा थर राहायचा, त्याला दुसरं खत लागायचं नाही. आमचे तात्या म्हणायचे, "मळी दहा म्हैनं आपली आन् दोन म्हैनं तिची." तिची म्हणजे नदीची. ती सामाईकातली हिस्सेदार आहे, फक्त तिचं नाव सातबाऱ्यावर चढलेलं नाही, असं त्यांचं मत होतं.

मळीच्या वरच्या कडेला आमच्या इंजिनाची दगडी खोली आहे. 1989 ला पूर आला तेव्हा तात्यांनी पाणी जिथवर चढलं तिथं भिंतीवर छिन्नीनं खाच पाडली. ती गुडघ्याएवढी उंच आहे. 2005 ला पाणी कमरेपर्यंत चढलं. तोवर तात्या नव्हते, ती खाच मी पाडली.

आणि 2009 ला मी त्याच खाचेला पाठ टेकून दोन गुंठे विकले.

पोरीचं लग्न ठरलं होतं. ऊसबिलाचा शेवटचा हप्ता आला नव्हता. घेणारा फौंड्रीत कामाला होता, मंगळवेढ्याकडचा. दुष्काळी भागातला माणूस, पोटासाठी इकडं आलेला. बारमाही नदी बघून तो नि त्याची बायको अशी हरखली की विचारू नका. शहरात गुंठ्याचा भाव त्याच्या सात पिढ्यांना परवडणारा नव्हता. तुकडेबंदीमुळं तेव्हा गुंठ्याचं खरेदीखत होत नव्हतं, म्हणून शंभराच्या मुद्रांकावर नोटरी करायचं ठरलं. सगळं झाल्यावर त्यानं विचारलं, "आण्णा, पाणी येतंय का हो हितं?"

मी म्हणालो, "पावणं, नदी म्हटल्यावर कवा तर येणारच. घाबरायचं काय कारण न्हाय."

चारच वर्षांपूर्वी आलं होतं. खाच माझ्या पाठीमागं होती. बाजूला सरकलो असतो तर त्याला दिसली असती. मी सरकलो नाही.

आता या निळ्या रेघेबद्दल. पाटबंधारे खातं नदीच्या दोन्ही अंगांना दोन रेषा आखतं. पंचवीस वर्षांत सरासरी एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती निळी. शंभर वर्षांत एकदा येणारा पोचतो ती लाल. नदीपासून निळ्या रेषेपर्यंत बांधकामाला मनाई आहे. शेती करा, बाग करा, मैदान ठेवा, उघड्यावर बाजार भरवा, घर नको. निळ्या आणि लाल रेषेच्या मधे बांधता येतं, पण जोतं लाल रेषेच्या पातळीच्या वर घ्यायचं.

पंचवीस वर्षांतून एकदा म्हटलं की माणसाला वाटतं, आता येऊन गेला, पंचवीस वर्षं घोर नाही. तसं नसतं. गाडग्यात पंचवीस चिठ्ठ्या टाका, एक काळी. दरसाल एक चिठ्ठी काढायची आणि परत टाकायची. काळी दोन वर्षं लागोपाठ पण निघू शकते. माझ्या नातवानं हिशोब करून दाखवला. निळ्या रेषेवरच्या घरात माणूस तीस वर्षं राहिला तर निदान एकदा पाणी घरात शिरायची शक्यता शंभरात सत्तर. म्हणजे कर्ज काढून घर बांधलं तर ते फिटायच्या आत एकदा पूर बघायचा हे जवळजवळ ठरलेलं. लाल रेषेवर हीच शक्यता शंभरात सव्वीस. हा हिशोब मला 2009 ला येत नव्हता. पण भिंतीवरची खाच येत होती.

2019 चा ऑगस्ट कोल्हापूरकर विसरणार नाही. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका. त्या वेळी पाणी 55 फुटांच्या पुढं गेलं. पुणे-बेंगळुरू हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन कैक दिवस बंद पडला. चिखली, आंबेवाडीची माणसं बोटीतून काढावी लागली. आमच्या इंजिनखोलीचा पत्रा दिसेना. खाच पाडायला भिंतच उरली नव्हती.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एक ट्रॉली आमच्या दारात थांबली. आमचं घर वरच्या आळीत, तिथं पाणी येत नाही. ट्रॉलीत फौंड्रीवाले पावणे, बायको, दोन पोरं, एक शेगडी, गॅसची टाकी आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली पोरांची दप्तरं. बारा दिवस ती माणसं आमच्या सोप्यात राहिली. माझ्या बायकोनं त्यांना भाकरी घातली, त्याचं त्यांना कोण अप्रूप. पावण्याची बायको म्हणाली, "आण्णा, तुमी देवासारखं हाय." मी उठून गोठ्यात गेलो.

त्या बारा दिवसांत तो मला एकदाही म्हणाला नाही की तुम्ही फसवलंत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दोन वर्षांनी, 2021 च्या जुलैत, पुन्हा तेच. उलट पाणी थोडं जास्तच, 56 फुटांच्या आसपास. पुन्हा ट्रॉली, पुन्हा शेगडी. त्या वेळी मी त्याला माळावरचे दोन गुंठे दिले. फुकट दिले असं नाही, निम्म्या भावात दिले. तेवढं मन मोठं झालं नाही. आणि हे पहिल्या पुरानंतर सुचलं नाही, दुसऱ्यानंतर सुचलं, हेही लिहून ठेवतो.

तर पुतण्या भराव टाकायचं म्हणाला तेव्हा माझ्या मनात हे सगळं होतं. मी त्याला भरावाचा हिशोब मांडून दाखवला. एकरभर जमिनीवर सहा फूट भराव म्हणजे 74 लाख लिटर पाण्याची जागा. दहा हजार लिटरचे 740 टँकर. पूर आल्यावर ते पाणी कुठं जाणार? ते जिरत नाही, उडून जात नाही. ते शेजारच्याच्या सोप्यात जातं, पलीकडच्या काठावर जातं, खालच्या गावात जातं. एका एकरानं पाणी बोटभरही वाढायचं नाही, हे मला कळतं. पण तसं म्हणणारा प्रत्येक जण एकच एकर भरतो. आपल्या जमिनीवर आपण काय वाट्टेल ते करावं, हे म्हणणं बांधाच्या आतलं झालं. पाणी बांध मानत नाही.

पोरगं शांतपणे ऐकत होतं. मग बोलायला लागलं, आणि खरं सांगतो, त्याच्या एकाही मुद्द्याला मला पटकन उत्तर देता आलं नाही.

"आण्णा, शहरात नदीच्या नि नाल्याच्या काठानं इमारती उठल्या, तवा रेघ कुठं हुती? त्यांची बांधून झाली आन् रेघ आमच्यावर आली. रेघंच्या पल्याड गुंठ्याला लाखानं भाव, अल्याड कुणी इचारत न्हाय. तिकडचा पैसेवाला झाला, मी मळीत गाळ उपसू? गोठ्याचं कर्ज हाय, पोरगी नर्सिंगला घालायची हाय. आन् तुमी तरी काय केलं? तुमच्या पोरीचं लगीन मळी इकूनच झालं न्हवं?"

शेवटचं वाक्य बोलल्यावर तो स्वतःच वरमला. पण वाक्य खरं होतं.

मी खाऊन ढेकर दिली होती आणि आता त्याला उपासाचं महत्त्व सांगत होतो.

मला वाटतं या सगळ्या रेषांच्या मागचा खरा प्रश्न हाच आहे. रेषा असावी की नसावी, हा प्रश्न सोपा आहे. असावीच. आपले जुने लोक रेषा न आखता ती पाळत होते. कोल्हापूरची ब्रह्मपुरीची जुनी वस्ती नदीकाठाला होती, पण टेकाडावर. नरसोबाच्या वाडीला तर पाणी देवळात शिरतं, पादुकांवरून जाऊन दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, तेव्हा लोक दक्षिणद्वार सोहळा म्हणून आंघोळीला जातात. नदी येणार हे धरूनच तिथला सगळा कारभार चालतो. अवघड प्रश्न दुसराच आहे. ज्यांनी आधी घेतलं त्यांनी घेऊन झाल्यावर नियम येतो, आणि जो मागं राहिला त्याच्यावर तो बसतो. हा न्याय आहे का?

हे फक्त आमच्या नदीचं नाही. तीन वर्षांपूर्वी पोरांनी मला मालवण-तारकर्ली दाखवून आणलं. तिथं समुद्राच्या काठाला रेतीवर खुर्च्या टाकून बसलो होतो. ज्याच्याकडं उतरलो होतो तो गृहस्थ हीच रड सांगत होता. त्यांची रेघ भरतीच्या पाण्यापासून मोजतात. इंदिरा गांधींनी 1981 ला किनाऱ्यावरच्या राज्यांना लिहिलं होतं की भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंत किनारा मोकळा ठेवा. 1991 ला त्याचा कायदेशीर नियम झाला. गावाकडच्या किनाऱ्यावर पहिले 200 मीटर नवीन बांधकाम नाही. 2019 ला नियम बदलला. ज्या गावात चौरस किलोमीटरला 2161 पेक्षा जास्त माणसं राहतात तिथं 200 चे 50 मीटर झाले, विरळ वस्तीला 200 च राहिले. म्हणजे ज्या गावानं गर्दी केली त्याला सूट, आणि ज्यानं माडाच्या बागा राखल्या त्याच्यावर मनाई तशीच. तो गृहस्थ म्हणाला, "आमी किनारो राखलो, ही आमची चूक काय?" मी काय सांगणार? मला पुतण्याच आठवला असता, पण त्या वेळी हा विषय निघाला नव्हता.

आणि नियम मोडला तर भोगतं कोण, तेही बघण्यासारखं आहे. केरळात कोचीजवळ मराडू म्हणून गाव आहे. तिथं पाण्याच्या काठावर किनाऱ्याचे नियम मोडून मोठमोठ्या इमारती उठल्या. सुप्रीम कोर्टानं पाडायचा हुकूम दिला आणि 2020 च्या जानेवारीत त्या सुरुंग लावून पाडल्या. टीव्हीवर सगळ्या देशानं बघितलं. बांधणारा बांधून, विकून मोकळा झाला होता. घराबाहेर पडली ती आयुष्याची पुंजी घालून फ्लॅट घेतलेली माणसं. कोर्टानं त्यांना पंचवीस-पंचवीस लाख तातडीची भरपाई द्यायला लावली, तेवढं तरी झालं. आमच्या पावण्याला कुणी पंचवीस रुपये दिले नसते, कारण त्याच्याकडं कागद होता तो शंभराच्या मुद्रांकाचा.

त्यांचे फ्लॅट आणि माझे दोन गुंठे, माप वेगळं पण पाप एका जातीचं आहे. काठावरची जागा विकणारा जागा विकत नाही, तो धोका विकतो. जागेचे पैसे आपल्या खिशात, धोका त्याच्या पदरात. घेणाऱ्याला माहीत असून त्यानं घेतलं तर ती त्याची निवड. पण मी खाच झाकून उभा राहिलो. तिथं माझा सातबारा मला वाचवू शकत नाही.

पुतण्याच्या प्रश्नाला उत्तर शोधायला मला दोन महिने लागले. मी त्याला 'सही करणार नाही' एवढंच सांगून मोकळा होऊ शकलो असतो. लोक म्हणाले असते, आण्णा तत्त्वाचा माणूस. पण ते तत्त्व कुणाच्या पैशावर? माझं लग्नकार्य उरकलेलं, त्याची पोरगी अजून घरात. माझ्या पश्चात्तापाचा खर्च त्यानं का भरावा?

म्हणून मला असं वाटतं, आणि हे मी दहावी शिकलेला शेतकरी म्हणून सांगतो. ज्यानं आधी खाल्लं, त्यानं दुसऱ्याच्या उपासाचा खर्च उचलला पाहिजे. मळीत पाणी साठतं म्हणून शहरातलं पाणी तेवढं कमी चढतं. आमची मळी पुराचं पाणी पोटात घेते ही शहराची चाकरी आहे. धरणात ज्याची जमीन जाते त्याला निदान कागदावर तरी धरणग्रस्त म्हणतात, पुनर्वसन म्हणतात. ज्याच्या जमिनीवर 'बांधू नको, विकू नको, पाणी येऊ दे' असा शिक्का बसतो, त्याला काय म्हणायचं? पूर जास्त दिवस थांबला, पोंग्यात गाळ गेला की ऊस शेंड्यापासून कुजतो, आणि नुकसानभरपाई मागायला आम्ही हेलपाटे घालतो, जसं काही दान मागतोय. काठ मोकळा ठेवायचा असेल तर ठेवणाऱ्याला दरसाल त्याचं भाडं द्या. ज्या इमारती नदीच्या जागेवर उभ्या आहेत त्यांच्याकडून घ्या. आणि रेघ एकदा आखली की ती भराव टाकून नि चहापाणी देऊन सरकता कामा नये, ना शहरात, ना गावात. गरिबाला पाळायला लावायचा नियम आणि श्रीमंताला सरकवता येणारा नियम, असल्या नियमापेक्षा भिंतीवरची खाच बरी. ती कुणासाठी खाली-वर होत नाही.

माणसं काठ सोडत नाहीत म्हणून त्यांना नावं ठेवणंही मला पटत नाही. चिखलीकरांना, आंबेवाडीकरांना सोनतळीच्या माळावर प्लॉट मिळाले होते. तरी गोठा खाली, शेत खाली, पाणी खाली, म्हणून कैक संसार खालीच राहिले. नुसता प्लॉट दिला की माणूस हलत नाही. त्याची म्हैसही हलली पाहिजे.

सरकार काय करायचं ते करील. माझ्या हातात होतं तेवढं मी केलं, म्हणजे करायला निघालोय. पुतण्याला बोलावून म्हटलं, "मळीवर सही करणार न्हाय. पर माळावरच्या माझ्या हिश्श्यातलं धा गुंठं तुझ्या नावावर करतो. तिथं पाणी येत न्हाय. वरच्या अंगाला रस्ता हाय. ते इक, न्हायतर बांध. मळीत दोगं मिळून ऊस करू, दोन म्हैनं तिला देऊ."

तो काही बोलला नाही. दहा गुंठ्यांत मळीच्या सौद्याएवढे पैसे येत नाहीत हे त्यालाही कळतं, मलाही. माझा पोरगा त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतंच बोलतो. तो म्हणतो, "तुमचं पाप तुमी फेडा, माझ्या वाटणीतनं का?" त्याचंही चुकत नाही. बापानं केलेल्या गोष्टी पोराच्या वाटणीत येतातच, कर्ज असो की खाच. हे त्याला सांगायला माझी जीभ रेटत नाही.

कागद अजून झालेले नाहीत. पुतण्या विचार करतोय. मिरगाचे ढग गगनबावड्याकडं दिसायला लागलेत.

इंजिनखोली मागच्या वर्षी परत बांधली. जुने दगड तेच वापरले. खाचा पडलेले दोन दगड गवंड्याला दाखवून होत्या त्याच उंचीवर बसवून घेतले आणि वर पत्र्याखाली 2019 आणि 2021 अशी दोन सालं रंगवून घेतली. गवंडी म्हणाला, "आण्णा, हे कशाला?" म्हटलं, राहू दे. माझ्यामागं कुणी तरी इथं गिऱ्हाईक घेऊन येईल. त्या वेळी त्याला सगळ्या खाचा झाकता येऊ नयेत.